चपला बाहेर काढा

मस्तीलोक या करमणुकीच्या पार्कात चौकशीच्या खिडकीवर बसणाऱ्या माणसाला दोन शब्द उच्चारायला बंदी होती. एक 'नहीं' आणि दुसरा 'पता नहीं'. तशी पाटीच खिडकीच्या आतल्या बाजूला, बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लावलेली होती. पाहुणा काहीही विचारो, त्याला हसतमुखानं उत्तर मिळालंच पाहिजे, असा मालकांचा दंडक होता. आणि मालकांनी तो गुरुग्राममध्ये बरेच टॉवर बांधून विकल्यानंतर, म्हणजे पुरेशा अनुभवानंतर घातलेला होता.

वीणा कारखानीस हे काम फार चांगलं करी, कारण ते तिच्या रक्तातच होतं. तिचे वडील दिनकरराव एका मंत्रालयात, संसदेतल्या प्रश्नांची उत्तरं तयार करणाऱ्या शाखेत होते. उत्तर खोटं नसावं आणि त्यातून कुणाला काही कळूही नये, ही कला त्यांनी नोकरीभर जोपासली आणि दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये जेवताना मुलीलाही शिकवली. भाजीत मीठ कमी पडलंय का, असं बायकोनं विचारलं तर ते म्हणत, "मिठाची बाब लक्षात आली आहे."

या शिकवणीचा वीणाला रोज उपयोग होई. पाण्याच्या घसरगुंडीवर भिजायला होतं का, असं कुणी विचारलं तर ती म्हणे, "पानी बिल्कुल असली है, जी." एका बाईंना लाटांच्या तलावातल्या लाटा बंबईहून येतात की मद्रासहून, हे हवं होतं, कारण त्यांना मद्रासचं पाणी सोसत नसे. एका गृहस्थांनी आकाशपाळणा वर गेल्यावर खाली यायचं तिकीट वेगळं काढावं लागतं का, हे विचारलं होतं आणि वीणाचं उत्तर ऐकूनही खात्रीसाठी दोन तिकिटं काढली होती. ऊन जरा कमी करता येईल का, या प्रश्नावर "आपकी बात आगे पहुँचा दी है," हे उत्तर तर तिनं वडिलांकडून जसंच्या तसं उचललं होतं. एवढं करूनही तिची स्वतःची नोकरी अजून कंत्राटीच होती. कायम करण्याचा विषय काढला की वरून उत्तर येई, विचार चालू आहे.

दिनकरराव गेल्या माघात गेले, आणि तेव्हापासून वीणाची आई, प्रभाताई, बोलेनाशीच झाली. आर. के. पुरमात त्यांच्या घराचं दार दिवसभर उघडं असे. तमिळ, बंगाली, पंजाबी, ज्याला वाटेल तो आत येई आणि प्रभाताई हातातलं काम ठेवून "या, बसा" म्हणत. त्या सगळ्यांशी मराठीतच बोलत, आणि सगळ्यांना ते समजत असे, कारण बोलताना त्यांच्या हातात पुढे केलेला चहाचा कप असे. आता गुरुग्रामच्या सोसायटीत, बाराव्या मजल्यावर, दाराची बेल वाजे ती सामान पोचवणाऱ्यानं. तोही डबा बाहेर ठेवून पसार होई. प्रभाताई खिडकीशी बसत. दोन घास खाल्ले तर खाल्ले. डॉक्टर म्हणाले, माणसांत ठेवा यांना. पण बाराव्या मजल्यावर माणसं आणायची कुठून, हे काही त्यांनी सांगितलं नाही, आणि आपली आई अशीच विझत जाणार, या भीतीनं वीणाला झोप लागेनाशी झाली.

त्यातच जूनमध्ये कामवाली गावी गेली. आईला एकटं ठेवण्याचा धीर होईना, म्हणून वीणा तिला फॅमिली पासवर आपल्याबरोबर घेऊन जाऊ लागली. चौकशीच्या खिडकीमागे बायकांची विश्रांतीची खोली होती. थंडगार, एक सोफा, पाण्याचा माठ. तिथे आईला पिशवी आणि डब्यासह बसवून वीणा म्हणाली, "आई, कुठे जाऊ नकोस हं." प्रभाताईंनी मान हलवली. वीणानं तो होकार समजला, आणि पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

मस्तीलोकात 'उजाड़ कोठी' नावाचा एक भुताटकीचा बंगला होता. अंधारे बोळ, धुराचं यंत्र, टेपवरच्या किंकाळ्या, आणि शेवटी एक जुनी बैठकीची खोली, तिच्यात खुर्चीवर बसलेला सांगाडा. लोक सांगाड्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत आणि हसत बाहेर येत. ही कोठी पाडून तिथे चाटची दुकानं काढावीत, असं मालकांच्या मनात घोळत होतं.

अशातच एका दुपारी रोहतकचे एक गृहस्थ कोठीतून थेट खिडकीवर आले. ते हसत नव्हते.

"मैडम, अंदर जो माताजी पानी पूछती हैं, उसके पैसे अलग हैं क्या?"

कोठीत माताजी नव्हत्या. कपाटातून बाहेर झेप घेणारा श्याम होता, आणि तो कुणाला पाणी विचारत नसे. पण 'नहीं' बंद, 'पता नहीं'ही बंद. वीणा म्हणाली, "सब टिकट में शामिल है, जी."

थोड्या वेळानं एक जोडपं आलं, अनवाणी. माताजींनी आमचे बूट उतरवून ठेवले, ते परत कुठे मिळतात, असं त्यांचं विचारणं होतं. बूट सुरक्षित आहेत, असं वीणानं सांगितलं. संध्याकाळी श्यामनं एक गोणी आणून तिच्यासमोर रिकामी केली तेव्हा तिचं उत्तर खरं ठरलं. गोणीत बूट होते, चपला होत्या, सँडल होते. सगळे त्याला शेवटच्या खोलीच्या दाराशी मिळाले होते, जोडीजोडीनं, टाचा बाहेर, चवडे भिंतीकडे. घाबरून पळताना माणूस पायातलं टाकून पळतो, हे समजण्यासारखं आहे. पण तो ते नीट लावून ठेवत नाही. हा विचार वीणाच्या आणि श्यामच्या मनात एकदमच आला असावा, कारण दोघांनीही गोणीपासून पाय मागे घेतले.

दुसऱ्या दिवशी शिंका सुरू झाल्या. "अंदर किसी को बड़ा जुकाम है," असं एकानं सांगितलं. मागून आलेल्यांनीही तेच सांगितलं. खोलीत माताजींशिवाय कुणी दिसत नाही, पण खुर्चीच्या बाजूनं शिंका ऐकू येतात. लागोपाठ तीन आणि मग शुकशुकाट. "स्पेशल इफेक्ट है, जी," असं वीणा हसून सांगत राहिली. मग खात्रीसाठी तिनं आवाजाच्या टेपा वाजवणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, माझ्याकडे घुबड आहे, पैंजण आहेत, कुरकुरणारं दार आहे आणि रडणारी बाई आहे, पण शिंक नाही. बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळत होतं, तरी वीणाच्या मानेवरून काहीतरी गार सरकत गेलं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. कोठीसमोर रांग लागली आणि रांगेबरोबर प्रश्नही बदलले. माताजींना काय आवडतं? नारळ चालेल का? मुलाच्या नोकरीचं त्यांना विचारता येईल का? माताजी कुठल्या तरी प्राचीन भाषेत बोलतात, याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. काहींच्या मते ती संस्कृत होती. फरीदाबादच्या एका निवृत्त मास्तरांनी मात्र ती पाली असल्याचं छातीठोकपणे सांगितलं. वीणा कुणालाच 'नाही' म्हणाली नाही. तिच्या प्रत्येक 'हाँ जी'नं माताजी अधिकाधिक पक्क्या होत गेल्या.

शेवटी मॅनेजर गुणवंत सिंग स्वतः खिडकीवर आले. ते मोठे सभ्य गृहस्थ होते, आणि कोठी गाजत असल्यामुळे खुशीतही होते. फक्त एक गोष्ट त्यांना कळत नव्हती.

"वीणा जी, ये माताजी किस एजेंसी से हैं?"

इथे वीणानं खरं सांगायला हवं होतं. पण इतक्या वर्षांत तिच्या जिभेला जे वळण पडलं होतं, ते समोर कोण आहे हे बघत नसे. "अपनी ही हैं, सर," ती म्हणाली.

"रोज़ आती हैं?"

"हाँ जी, रोज़."

मग उत्तम, असं म्हणून गुणवंत सिंगांनी सांगितलं, की रविवारी मालक येताहेत. कोठी ठेवायची की पाडायची, हे ते त्या दिवशी ठरवतील, आणि त्यांना माताजींना भेटायचं आहे. तेवढं वीणानं बघावं. कॅमेऱ्यात धुराच्या ढगांखेरीज काही दिसत नाही. ते स्वतः आत जाऊन पाहणार होते, पण त्यांच्या मानेला अंधार सोसत नाही. एवढं सांगून ते गेले आणि रविवारपर्यंत एक भूत हजर करण्याची जबाबदारी वीणाच्या गळ्यात पडली.

ती श्यामकडे गेली. श्याम म्हणजे कोठीतलं अधिकृत भूत. बहादुरगढचा, पन्नाशीला आलेला, कपाटातून उड्या मारून कंबर धरलेला. त्याचं कपाट आधीच्या बोळात असल्यामुळे शेवटच्या खोलीत काय चालतं, ते त्याला दिसत नसे. फक्त ऐकू येई. त्यानं टॉय ट्रेनवर बदली मागितली होती. कारण विचारल्यावर त्यानं आवाज खाली आणला. रोज सकाळी तो त्या खोलीत खोटी जाळी फवारून येई आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी ती झाडून टाकी. धूळ पसरली तर पुसलेली. सांगाडा खुर्चीवरून उठून पलंगावर झोपलेला, अंगावर गळ्यापर्यंत चादर.

"और मैडम, चादर के कोने अंदर दबे हुए," श्याम म्हणाला. "मैं भूत हूँ तो क्या हुआ, डर मुझे भी लगता है."

त्या संध्याकाळी वीणा घरी आली ती डोकं धरूनच. पण जेवताना एक नवल घडलं. प्रभाताईंनी दुसरी पोळी मागून घेतली आणि म्हणाल्या, "आज बरीच माणसं येऊन गेली."

माघानंतरचं हे तिचं पहिलं धड वाक्य. वीणाच्या डोळ्यांत पाणीच आलं. कोण माणसं, कुठे आली, हे विचारायचं तिला सुचलं नाही. विश्रांतीच्या खोलीतल्या झाडूवाल्या बायका असतील, असं तिनं धरून चाललं. दुसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरातून तळणीचा वास आला. आई शंकरपाळी करत होती. गुरुग्रामला आल्यापासून पहिल्यांदाच. "येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर काहीतरी ठेवायला हवं," असं म्हणून तिनं डबा गच्च भरला. आई परत माणसांत आली, या आनंदात वीणाला त्या दिवशी भूत, रविवार, मालक, कशाचंच काही वाटेना.

हा आनंद दुपारपर्यंत टिकला. दुपारी कर्नालच्या एक बाई खिडकीवर आल्या आणि त्यांनी मूठ उघडून पुढे केली.

"मैडम, भूत ने ये दिया है. ये खाना है कि इससे डरना है?"

तळहातावर तीन शंकरपाळी होती. नागमोडी कडांची. आर. के. पुरमात ते पितळी कातणं फक्त कारखानिसांच्या घरी होतं, आणि त्याचा एक दाता तुटका असल्यामुळे प्रत्येक कडेला एक जागा सपाट सुटत असे. वीणानं ती सपाट जागा पाहिली. तिनं मागे वळून विश्रांतीच्या खोलीत पाहिलं. सोफ्यावर घडी घातलेली शाल होती आणि माणूस नव्हतं.

रांग थोपवायला सांगून ती कोठीत शिरली. रोज सगळ्यांना आत पाठवणारी वीणा स्वतः तिथे क्वचितच जाई. धूर पायांत घोटाळत होता. श्यामचं कपाट बंद होतं. त्यानं आतून कडी घातली असावी. घुबड घुमलं, दार कुरकुरलं, हे सगळं टेपेवरचं आहे हे माहीत असूनही तिचा हात भिंत चाचपत राहिला. मग आवाज मागे पडले. शेवटच्या बोळात गार, जड शांतता होती आणि त्या शांततेत वास होता तो स्वच्छतेचा, ओल्या फडक्यानं नुकतंच पुसून काढलेल्या घराचा. कुठल्याही सडक्या वासापेक्षा वीणाला त्याचीच जास्त भीती वाटली. दाराशी चार-पाच जोड ओळीत लावलेले होते. आत मिणमिणता पिवळा दिवा होता आणि दिव्याखाली वेताच्या मोढ्यावर पाठमोरी बसलेली, डोक्यावरून पदर घेतलेली एक आकृती.

वीणाचं पाऊल उंबऱ्यावर पडलं, तशी ती आकृती मागे न वळता म्हणाली,

"चपला बाहेर काढ."

वीणानं चपला बाहेर काढल्या. मग तिला रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्ही आवरून ती म्हणाली, "आई, अगं तू इथे काय करतेयस?"

"बसले आहे," प्रभाताई म्हणाल्या. त्यांच्यासमोर एक लाकडी आरामखुर्ची होती. रिकामी. "खुर्ची बघितलीस का?"

वीणानं बघितली. खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात सरकारी नंबर होता, अर्धा खरवडलेला. उजव्या हातावर कपाच्या बुडाचं काळं वर्तुळ उमटलेलं होतं. ते वर्तुळ ती लहानपणापासून बोटानं गिरवत आली होती. क्वार्टरमधलं फर्निचर सगळं सरकारचं, भाड्यानं मिळालेलं. दिनकरराव निवृत्त झाले तेव्हा ते परत गेलं, आणि नेणारी माणसं येण्याआधी आईनं प्रत्येक खुर्चीला तेलाचा हात दिला होता. पुढे कधीतरी त्याचा लिलाव झाला असणार. मस्तीलोकला भुताचं फर्निचर हवं होतं. सरकारी फर्निचरला त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नसेल.

प्रभाताईंनी सगळं सांगितलं. पहिल्याच दिवशी त्या मोरी शोधायला म्हणून उठल्या आणि मागच्या दारानं इथे आल्या. बघतात तर आपली बैठकीची खोली. खुर्ची, पलंग, मोढा, सगळं आपलं, आणि जाळी काय, धूळ काय. ह्यांच्या खुर्चीत तर कोणीतरी भलताच बसवून ठेवलेला. त्याला उचलून पलंगावर निजवला. तेवढ्यात माणसं येऊ लागली. आता दारात आलेल्याला या बसा म्हणायला नको? पाणी विचारायला नको?

"आई, ती जाळी मुद्दाम लावतात."

"जाळी मुद्दाम कोण लावतं?"

खिडकीवर इतकी वर्षं काढूनही वीणाला या प्रश्नाचं उत्तर देता येईना.

"तिथे वर कोण येतं गं?" प्रभाताई म्हणाल्या. "इथे सारखं कुणी ना कुणी येतं. घाईत असतात बिचारे. बसत नाहीत."

वीणाला भरून आलं. पण ती कंत्राटी नोकर होती. मालकांच्या कोठीत आपली आई भूत म्हणून बसते, हे कळलं तर त्याच दिवशी हातात नारळ मिळाला असता. तिनं आईचा हात धरला आणि मागच्या दारानं तिला बाहेर आणलं. प्रभाताईंनी हूं की चूं केलं नाही. निघताना फक्त फडकं दोनदा झटकून खुर्चीच्या हातावर वाळत घातलं. मग आठवलं म्हणून वीणानं विचारलं, "आई, तुला एसीनं सर्दी झालीय का? लोक म्हणतात, आत शिंका ऐकू येतात."

"मला कशाला सर्दी होईल?" प्रभाताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून वीणानं सोसायटीतल्या एका मुलीला आईजवळ बसवायला सुरुवात केली. ती मुलगी मोबाइलमध्ये बघत बसे आणि प्रभाताई खिडकीबाहेर. बोलणं पुन्हा बंद झालं. पोळी पुन्हा अर्ध्यावर आली. शंकरपाळ्याचा डबा त्यांनी सर्वांत वरच्या फळीवर, आपला हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवून दिला.

इकडे खिडकीवर वेगळाच गोंधळ. माताजी कुठे गेल्या, असं सगळेच विचारत होते. "छुट्टी पर हैं, जी," असं वीणा सांगे, आणि भुताला रजा मिळते हे ऐकून लोक जास्तच घाबरत. पण शिंका काही थांबल्या नव्हत्या. उलट वाढल्या होत्या. आधी तीन होत्या, आता सात-आठ, लागोपाठ, हैराण झाल्यासारख्या. माताजी गेल्यापासून श्यामची जाळी पुन्हा जागच्या जागी राहत होती, धूळही बोट बोट साचली होती. तो सुखावायला हवा होता, पण त्यानं कपाटात जाणंच सोडलं. "मैडम, किसी की तबीयत ख़राब है वहाँ," असं त्यानं फार गंभीरपणे सांगितलं.

शनिवारी संध्याकाळी वीणानं हे सगळं आईला सांगितलं; आई हसेल, निदान काहीतरी बोलेल, म्हणून. प्रभाताई हसल्या नाहीत. त्या उठल्या, कपाटातून जुन्या मऊ साडीचं फडकं काढलं आणि त्याची घडी घालून पिशवीत ठेवली.

"उद्या मला ने," त्या म्हणाल्या. "धूळ झाली असेल."

दिनकररावांना धूळ सोसत नसे, हे वीणाला तेव्हा आठवलं. पुस्तकांचं कपाट उघडलं तरी त्यांना शिंका येत. म्हणून तर आई दिवसातून दोनदा घर पुसायची. वीणा तो विचार पुढे नेईना. नोकरी गेली तर गेली, दुसरी बघू, असं ठरवून तिनं वरच्या फळीवरचा डबा खाली काढला.

रविवारी प्रभाताई सकाळीच कोठीत जाऊन बसल्या, आणि मग मालक आले. उंचेपुरे, सत्तरीचे, ज्यांना कुणी उलट उत्तर देऊन फार वर्षं झाली होती असे. कोठीत ते एकटेच शिरले. गुणवंत सिंग मानेचं सांगून बाहेर थांबले, वीणा खिडकीतून बघत राहिली, श्याम टॉय ट्रेनच्या आडोशाला उभा होता. सगळे पाहुणे चार मिनिटांत पळत बाहेर येत. मालक येईनात. गुणवंत सिंगांनी घड्याळ बघितलं, मग रुमाल काढला. आईला कुणी टाकून बोललं तर खिडकी सोडून धावत जायचं, एवढं तिनं पक्कं केलं होतं.

मालक बाहेर आले तेव्हा ते अनवाणी होते आणि बूट त्यांच्या हातात होते. मिशीला शंकरपाळ्याचा चुरा लागला होता. डोळे लाल दिसत होते. आत काय झालं, ते त्यांनी थोडक्यात सांगितलं. त्या काय बोलल्या, त्यातलं अक्षर कळलं नाही. पण खुणांनीच बूट काढायला लावले, जेवलास का म्हणून विचारलं, आणि आपण नाही म्हटलं तर रागावल्या. त्यांच्यावर अशी रागावणारी एक त्यांची आई. ती जाऊन जमाना झाला.

"पहले डर लगा," मालक म्हणाले. "फिर उठने का मन नहीं हुआ."

मग त्यांनी नाक शिंकरलं आणि हुकूम दिला. कोठी पाडायची नाही. माताजींना पक्कं करा, आजपासून, कायमचं. गुणवंत सिंगांनी मान डोलावली. वीणाच्या कायम होण्यावर इतकी वर्षं विचार चालू होता; तिच्या आईचं मूठभर शंकरपाळ्यांत झालं. पण वीणाला त्याचं काहीही वाटलं नाही. आई रोज इथे येणार, रोज दारात माणसं येणार, एवढंच तिला कळलं आणि तिच्या जिवात जीव आला.

"और उन साहब को भी रख लो," मालक बूट घालता घालता म्हणाले.

"कौन साहब, सर?"

"कुर्सीवाले. बाक़ी सब चिल्ला-चिल्लाकर डराते हैं. वो सिर्फ़ छींकते हैं, और रोंगटे खड़े हो जाते हैं. बढ़िया आदमी है." दिसले का, असं गुणवंत सिंगांनी भीत भीत विचारलं. मालकांनी थोडा विचार केला. "अँधेरा था. दिखे नहीं. पर बैठे थे."

मालकांची गाडी गेल्यावर गुणवंत सिंग खिडकीवर आले. माताजींचं काम झालं, साहेबांचं नाव तेवढं सांगा, असं ते म्हणाले. वीणाच्या समोर ती पाटी होती. 'नहीं' बंद, 'पता नहीं' बंद. बात आगे पहुँचा दी है, असं सांगून तिला वेळ मारून नेता आली असती. वडिलांनी तेवढं तर नक्कीच शिकवलं होतं.

"दिनकर कारखानीस," ती म्हणाली.

"रोज़ आएँगे?"

वीणानं कोठीकडे पाहिलं. दुपारच्या उन्हात तिचं दार काळंभोर दिसत होतं. "आते ही हैं, सर," ती म्हणाली. "रोज़."

गुणवंत सिंग समाधानानं गेले. त्यांच्या मागोमाग एक म्हातारे सरदारजी खिडकीशी आले. ते घाबरलेले नव्हते, नुसते काळजीत होते. मॅडम, आत खुर्चीवर एक जण शिंकून शिंकून बेजार झालेत, त्यांना कुणी औषध का देत नाही, असं त्यांनी विचारलं.

"धूल से होता है, जी," वीणा म्हणाली. "अभी पोंछ देती हूँ."

गुडघ्यांमुळे आईला जमिनीवर बसून खुर्चीखालचं पुसता येत नसे. खुर्चीच्या पायांशी साचलेली धूळ तशीच राहिली असणार. वीणानं खिडकी बंद केली, फडकं घेतलं आणि ती कोठीत गेली. शेवटच्या दाराशी तिनं चपला काढल्या, त्यांचे चवडे भिंतीकडे करून नीट लावून ठेवल्या, आणि मग आत पाऊल टाकलं.